जपानी डॉक्टरला दुखणं सांगताना

जपानमध्ये दवाखान्यात नुसतं ‘इताइ’ (दुखतंय) म्हटलं, की कसं दुखतंय हा प्रश्न येतोच. तिथे अडायला होतं. पण आपल्या ठसठस, चुरचुर, मळमळसारखेच जोडशब्द जपानीतही आहेत. वाक्यं जुळवत बसण्यापेक्षा तेच पाठ करा.

१. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून ‘कोको गा’ (इथे) म्हणा.

२. पुढे नेमका शब्द:
ठसठस – झुकिझुकि
डोक्यात घण – गानगान
टोचल्यासारखं – चिकुचिकु
भाजल्यासारखी चुरचुर – हिरिहिरि
पोटात तीव्र कळ – किरिकिरि
पोटात बारीक, रेंगाळणारं दुखणं – शिकुशिकु
मळमळ – मुकामुका
थंडी वाजून शहारे – झोकुझोकु

३. शेवटी ‘शिमास्’ जोडा. ‘कोको गा झुकिझुकि शिमास्’. झालं! व्याकरण एवढंच.

पोटाचे दोन शब्द आधी घोका, गल्लत तिथेच होते. ही यादी निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ताप भरल्यावर काही आठवत नाही.

एक मात्र सांभाळा: मुकामुका रागालाही म्हणतात, म्हणून तेव्हा हात पोटावर हवा. आणि छातीत जोराची कळ आली तर शब्द शोधू नका, ११९ लावून रुग्णवाहिका बोलवा.