रेटिनॉइड क्रीम सुरू केलीय? मग या चुका टाळा

मुरमांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं ट्रेटिनॉइन किंवा अडापालीन (ही रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए गटातली औषधं) बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच बंद करतात. चेहरा लालभडक, नाकाच्या कडेला सालपटं आणि मुरूम आधीपेक्षा जास्त! हे आपल्याला सोसत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण या औषधांचा जाच पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि गुण दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. मुरूम वाढल्यासारखे वाटतात, कारण पेशी भराभर बदलू लागतात आणि आत दबलेले मुरूम लवकर वर येतात. इथेच थांबलात तर त्रास तेवढा पदरात पडतो, फायदा नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते प्रमाणात. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढी क्रीम पुरते. ती फक्त मुरमावर थापायची नाही. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटीवर एकेक ठिपका ठेवून पातळ पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडा, आग तिथेच आधी होते. चेहरा धुतल्यावर २०-३० मिनिटं थांबा, कारण ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं. दुप्पट लावल्याने गुण लवकर येत नाही, त्वचा मात्र सोलवटते. सुरुवातीला एक दिवसाआड रात्री लावा. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर क्रीम लावली तरी चालतं.

थोडा कोरडेपणा, हलकी लाली चालायचीच. साधं पाणी लागलं तरी चरचरत असेल, तर काही दिवस क्रीम थांबवा, त्वचा निवळू द्या आणि मग आठवड्यातून दोनदाच लावून पुन्हा सुरू करा. सूज, फोड किंवा पाणी सुटलं तर मात्र क्रीम बंद करून डॉक्टरांना लगेच दाखवा.

या काळात स्क्रब आणि ॲसिडची सीरम नकोत. ज्या भागावर क्रीम लावता तिथे वॅक्सिंगही नको, पट्टीबरोबर कातडी निघते. दिवसा किमान एसपीएफ ३० सनस्क्रीन हवंच. बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या दुसऱ्या औषधामुळे ट्रेटिनॉइनच्या अनेक क्रीम निकामी होतात, म्हणून दोन्ही लिहून दिली असतील तर वेळा विचारून घ्या. अडापालीनला ही अडचण नाही.

गरोदरपणाच्या बाबतीत फायदा-तोटा तोलत बसायचंच नाही. आयसोट्रेटिनॉइन या याच गटातल्या, तीव्र मुरमांसाठी पोटात घ्यायच्या गोळ्यांनी बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भनिरोधक खबरदारी सक्तीची असते. क्रीममधून औषध रक्तात फार कमी जातं, तरीही गर्भधारणा ठरवत असाल तर क्रीमही टाळायला सांगतात. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं कटाक्षाने टाळा! या गोळ्यांसोबत व्हिटॅमिन ए किंवा डॉक्सीसायक्लीनसारखी अँटिबायोटिक घेऊ नका. डोकं असह्य दुखलं, नजर धूसर झाली किंवा मन फार खचल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

सुरू करताना एक फोटो काढा आणि दर चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. बाराव्या आठवड्यात ते फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध तेच ठेवायचं, तीव्रता बदलायची की थांबवायचं, हे तेव्हा ठरवा.