ऑटोमेटेड पॅच क्लॅम्प: आतलं द्रावण निवडताना या चुका टाळा

ऑटोमेटेड पॅच क्लॅम्प म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या चॅनेलमधून, म्हणजे आयनांच्या वाटांमधून, जाणारा विद्युतप्रवाह मोजणारं मशीन. त्याच्या चिपमधल्या बारीक छिद्रावर पेशी घट्ट चिकटते, ते सील. हे सील गिगाओमच्या (अब्ज ओहम रोधाच्या) वर बसलं की ऑटोमेटेड पॅच क्लॅम्पवाला खूश. ते सील कशाच्या जोरावर बसलं, हा प्रश्न डेटा विचित्र दिसायला लागल्यावरच पडतो. आतलं द्रावण, म्हणजे छिद्रातून पेशीच्या आत जाणारं द्रावण, चिप बघून नव्हे, चॅनेल बघून ठरवायचं, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठी गडबड फ्लोराइडची. काचेच्या चिपसाठीच्या रेसिपीत ११०–१२० मिलिमोलर पोटॅशियम किंवा सीझियम फ्लोराइड सर्रास असतं. आतलं फ्लोराइड आणि बाहेरचं कॅल्शियम छिद्रापाशी भेटून कॅल्शियम फ्लोराइडचा साका बनतो आणि त्यामुळे सील घट्ट होतं, असं मानतात. पण हेच फ्लोराइड पेशीच्या आतही जातं. तिथलं मोकळं कॅल्शियम काही नॅनोमोलरवर येतं, म्हणजे कॅल्शियमने उघडणाऱ्या चॅनेलवर काम करायचं असेल तर ईजीटीएचं (कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाचं) सगळं गणित वाया. मॅग्नेशियमचीही तीच गत, त्यामुळे अशा द्रावणात मॅग्नेशियम-एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) घालून फारसं काही साधत नाही. शिवाय काही सोडियम चॅनेल्सचं इनॅक्टिव्हेशन (उघडल्यावर आपोआप बंद पडणं) अधिक ऋण व्होल्टेजकडे सरकतं. मॅन्युअल पॅचच्या (हाताने केलेल्या मापनाच्या) जुन्या आकड्यांशी तुलना जुळत नसेल, तर औषधाला दोष देण्याआधी रेसिपी बघा.

मग करायचं काय? आत क्लोराइड किंवा ग्लुकोनेट ठेवा, सील बसेपर्यंत बाहेर जास्त कॅल्शियमचं द्रावण द्या आणि नंतर ते धुऊन टाका. यशाचं प्रमाण घटेल, ते सोसा. काही मशीनमध्ये सील बसल्यावर आतलं द्रावण बदलताही येतं. ग्लुकोनेट वापरलंत तर जंक्शन पोटेन्शियल (दोन वेगळी द्रावणं भेटतात तिथला व्होल्टेजचा फरक) १५ मिलिव्होल्टच्या आसपास जातं, ते दुरुस्त करायला विसरू नका. चांदीच्या इलेक्ट्रोडसाठी थोडं क्लोराइड आत राहू द्या, नाहीतर ऑफसेट (इलेक्ट्रोडचा शून्यबिंदू) भटकत बसतो.

दुसरी चूक साधी आहे, म्हणूनच सापडत नाही: पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने जुळवणं. आम्लरूपातलं २० मिलिमोलर ईजीटीए ७.२ वर आणायला जवळपास ४० मिलिमोलर अल्कली खर्ची पडते. रेसिपीत सोडियम १० लिहिलेलं, प्रत्यक्षात ५०. बाहेर १४० असेल तर सोडियमचं रिव्हर्सल (ज्या व्होल्टेजला प्रवाहाची दिशा उलटते ते) २५ अंशांना ६८ वरून साधारण २६ मिलिव्होल्टवर घसरतं, आणि आपण चॅनेलच्या सिलेक्टिव्हिटीवर (कोणता आयन जाऊ द्यायचा या निवडीवर) चर्चा करत बसतो. पोटॅशियमच्या द्रावणाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सीझियमच्या द्रावणाला सीझियम हायड्रॉक्साइड, एवढं पाळा.

ऑस्मोलॅलिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) आत बाहेरच्यापेक्षा थोडी कमी असावी, १० मिलिऑस्मोलच्या आसपास. पुण्यात एप्रिल-मेमधली हवा इतकी कोरडी असते की, एसीखाली उघड्या ट्रफमध्ये (द्रावणाच्या पसरट भांड्यात) ठेवलेलं द्रावण दुपारपर्यंत दाट होतं. सकाळचं रीडिंग दुपारच्या रनला चालत नाही. झाकण ठेवा, ऑस्मोमीटर परत लावा.

कॅल्शियम चॅनेलचा प्रवाह मिनिटागणिक आटत असेल तर आत एटीपी आहे का आणि ते ताजं आहे का, हे पाहा. एटीपी बर्फावर ठेवायचं आणि घातल्यावर पीएच पुन्हा मोजायचा.

फ्लोराइडचा स्टॉक प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवा. त्याचा पीएच वर गेला म्हणून तीव्र आम्लाचे थेंब टाकत बसू नका, त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. तो घाणा सरळ फ्लोराइडच्या कचऱ्यात टाका आणि नवीन बनवा.