भित्र्या कुत्र्याला अंघोळ घालण्याआधी

बादल्या आधी भरा. कुत्रा बाथरूममध्ये आणायच्या आधी. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

आमचा शेरू रस्त्यावरून आलेला. नाव सिंहाचं, काळीज सशाचं. मागच्या वेळी मी ब्रश, शाम्पू, टॉवेल सगळं हाताशी मांडून ठेवलं होतं आणि पाणी मात्र एकच बादली, तीही अर्धी. अंगभर फेस झाला आणि पाणी संपलं. मी नळ सोडला. चारी बाजूंनी टाइल्स लावलेल्या एवढ्याशा खोलीत प्लॅस्टिकच्या रिकाम्या बादलीत धार पडली की केवढा आवाज घुमतो, ते आपल्याला कळत नाही. त्याला कळलं. माझ्या मांडीवरून उडी, फेसासकट सोफा, तिथून थेट आईच्या पलंगाखाली. पुढचे दोन महिने मी नुसती बादली उचलली तरी स्वारी पलंगाखाली.

तर तीन बादल्या. एक भिजवायला, दोन फेस काढायला, कारण फेस काढायला नेहमीच अंदाजापेक्षा जास्त पाणी लागतं आणि शाम्पू केसांत राहिला की खाजवून खाजवून कातडी लाल होते. पाणी कोमट, तान्ह्या बाळासाठी मनगटावर बघतो तसं बघून घ्या. भरताना कुत्रा लांबच्या खोलीत, दार लावून. नळ पिळून बंद करा. शॉवर तर विसराच. मग सावकाश, भांडं अंगाला टेकवून पाणी सोडा, उंचावरून ओतू नका.

पायाखाली रबरी मॅट, नसेल तर जुनं गोणपाट. ओल्या फरशीवर पाय सटकला की तो घाबरतो, आणि घाबरला की आणखी सटकतो. साखळी नळाला बांधू नका. हिसका मारला तर गळा आवळेल. घरातलं त्याचं लाडकं माणूस समोर बसवा आणि त्याच्या हातात उकडलेल्या कलेजीचे तुकडे द्या. तो चाटत राहावा म्हणून भिंतीवर पीनट बटर फासायची युक्ती चांगली आहे, पण डब्यावरचं वाचा: झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

शाम्पू कुत्र्याचाच. आपला नको, बाळाचाही नको. कुत्र्याच्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, आपल्यापेक्षा वेगळा असतो, आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषध टाकायची सवय कित्येक घरांत आहे. कृपा करून नको, तो ते अंग चाटतो. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो बहुधा दहा मिनिटं अंगावर ठेवायचा असतो, आणि भित्र्या कुत्र्याबरोबर दहा मिनिटं म्हणजे युग. कलेजी जास्त उकडा.

ब्रश अंघोळीआधी, कोरड्या अंगावर. लांब केसांचा असेल तर हे टाळूच नका, गुंते ओले झाले की आणखी आवळतात. ब्रश करताना कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघून घ्या. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. मानेवर गोचिडीच्या औषधाचे थेंब नुकतेच टाकले असतील तर अंघोळ पुढे ढकला. थेंब आणि अंघोळ यांत दोन्ही बाजूंनी निदान दोन दिवस हवेत, नाहीतर पैसे मोरीत.

कानात पाणी जाऊ देऊ नका. तोंड ओल्या फडक्याने पुसा, तेवढं पुरे. सुरुवात मागच्या पायांपासून, डोकं शेवटी किंवा नाहीच.

तो जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, शेपूट पोटाखाली गेली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं तर ती झोप नाही आणि भूकही नाही. भीती आहे. थांबा. अजून शाम्पू लावला नसेल तर आज नुसतं भिजवणं झालं असं समजा. लावला असेल तर फेस काढावाच लागणार, आणि त्यासाठी बादल्या भरलेल्या हव्यात. सांगितलं ना.

टॉवेल दोन, बाथरूमच्या आत. बाहेरच्या दोरीवर नाही. कडी आतून लावा, घरातलं कोणीतरी मध्येच डोकावतंच. हेअर ड्रायर नको, तो नळापेक्षा वाईट. ऊन असेल अशी सकाळ निवडा, बस.

नखं त्याच दिवशी कापू नका. एका दिवसात एकच संकट.

तो सुटला की घरभर लोळेल, लोळू द्या, पलंगावर जुनी चादर आधीच टाकलेली बरी. मोरीच्या जाळीतले केस काढा. उरलेलं पाणी फरशी धुवायला वापरा, पण तो गच्चीवर गेल्यावर.