वसाहतकाळातल्या अमेरिकेचा कायदा कसा वाचायचा

अमेरिकेतल्या ब्रिटिशांच्या तेरा वसाहतींचा मिळून एकच कायदा होता असं धरून वाचायला बसू नका, गोंधळ तिथेच होतो. कुठलाही मुद्दा आला की आधी वसाहत कुठली आणि साल कुठलं ते बघायचं. मॅसॅच्युसेट्सने १६४१ मध्ये ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ नावाची संहिता केली, त्यात स्वतःची बाजू मांडता येत नसेल तर दुसऱ्याला उभं करायची मुभा होती पण त्याला फी द्यायची नाही, आणि हे लिहिणारा नॅथॅनिएल वॉर्ड स्वतः इंग्लंडमध्ये वकिली शिकलेला! व्हर्जिनियाने १६४५ ला पैसे घेणाऱ्या वकिलांना कोर्टातून बाहेर काढलं.

मग वकील पुढे इतके मोठे कसे झाले? व्यापार आणि जमिनीचे व्यवहार वाढले, भांडणं गुंतागुंतीची झाली, जाणकारांशिवाय कोर्टाचं पान हलेना. लॉ कॉलेज नव्हतंच, सीनियरच्या हाताखाली बसून शिकायचं, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अ‍ॅडम्स वुस्टरला जेम्स पुटनमकडे असाच शिकला. पैसेवाल्यांची मुलं लंडनला जायची. एवढं कळलं तरी पुरे, यात फार अडकू नका.

आता एक खटला घ्या आणि नीट वाचा. माझ्या मते न्यूयॉर्कचा १७३५ चा झेंगर खटलाच घ्यावा. पीटर झेंगर हा छापखानावाला, त्याच्या पेपरात गव्हर्नर कॉस्बीवर टीका आली म्हणून तुरुंगात. त्याच्या वकिलांनी म्हटलं की जजची नेमणूक मर्जीवरची आहे, म्हणजे वाटेल तेव्हा काढता येईल अशी, ती आम्हाला मान्य नाही, तर चीफ जस्टिस डीलान्सीने त्या दोघांची सनदच काढून घेतली. मग फिलाडेल्फियाहून म्हातारा अँड्र्यू हॅमिल्टन आला. तेव्हाच्या कायद्यात मजकूर खरा असला तरी गुन्हा सुटत नव्हता, ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, फक्त छापलं की नाही तेवढंच सांगायचं. हॅमिल्टनने छापल्याचं सरळ कबूल केलं आणि ज्युरीला म्हणाला खरंखोटं तुम्हीच ठरवा, ज्युरीने झेंगरला सोडलं. पण या निकालाने कायदा बदलला असं कुठे वाचलं तर ते सोडून द्या, कायदा तोच राहिला, सरकारला असे खटले भरणं मात्र अवघड झालं.

हे झालं की १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढा आणि त्यातली ब्रिटनच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी दाव्याचा अर्ज वाचतो तशी वाचा, सह्या करणाऱ्यांत वकील भरपूर होते. जज राजाच्या मर्जीवर अवलंबून ठेवलेत, ज्युरीचा हक्क काढून घेतलाय, दोन्ही मुद्दे तिथे सापडतील.