ट्रान्सपोजच्या बटणावरची चिकटपट्टी

आमच्या गाण्या-वाजवण्याच्या वृंदात नव्याने येताय म्हणजे सरगम, अलंकार आणि केरवा-त्रिताल येतो असं धरून चालते. येत नसेल तरी घाबरू नका, दोन महिन्यांत हात आणि गळा रुळतो. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ते आठवलं की अजूनही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

आमचा वृंद म्हणजे बावीस गाणारे आणि आठ-नऊ वाजवणारे. पेटी, तबला, दोन व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, कीबोर्ड, आणि खंजिरी ज्याच्या हाती लागेल त्याची. कीबोर्डवर मी. युवक महोत्सवातलं समूहगान सहा गळ्यांचं असतं, तिथे सहा जण एकमेकांना सांभाळून घेतात. बावीस जण घेत नाहीत. प्रत्येकाला वाटतं, शेजारचा बरोबर असेल. आणि आम्ही गाणार काय, तर नाट्यपदं, म्हणजे मुळात एकट्याने गायची गोष्ट. त्यामुळे पहिलं भांडण निवडीवरून होतं.

2015 साली 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आल्यापासून वृंदात येणाऱ्या प्रत्येक मुलाला 'कट्यार'च करायचं असतं. करू नका. ती पदं गळ्याची परीक्षा घेण्यासाठीच आहेत आणि बावीस जणांनी एकदम घेतलेली तान म्हणजे नाशिकच्या रविवार कारंजावरची वाहतूक. 'सौभद्र' (1882) मधली साधी, गोष्ट पुढे नेणारी पदं घ्या. शंभरावर पदं आहेत त्यात, सोपी सापडतात. 'मानापमान' (1911) च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते स्वतः पेटीवाले, त्यामुळे पेटीवर बोटं पडली की चाल आपोआप उलगडते असं माझं मत. आणि नाशकात 'मत्स्यगंधा' (1964) घ्याच. ते लिहिणारे कानेटकर सर इथे एचपीटी कॉलेजात शिकवायचे. प्रेक्षकांत पांढऱ्या केसांचं कुणी ना कुणी त्यांच्या वर्गात बसलेलं निघतं आणि पदाच्या पहिल्या ओळीलाच पुढे सरकून बसतं. शिवाय चाली देणाऱ्या अभिषेकीबुवांनी त्यातली पदं आटोपशीर ठेवली आहेत. पाच मिनिटांत काम होतं आणि दमही उरतो.

दरवर्षी कुणीतरी 'नाशिक ढोल घालूया का मध्ये' असं विचारतं. नाही. मिरवणुकीत मीही नाचते, पण नाही.

आता पट्टी, म्हणजे षड्ज (सा) कुठल्या सुरावर धरायचा ते. पेटीवरच्या कळीवरून तिचं नाव पडतं, पांढरी एक, काळी एक अशी, आणि वर-खाली मोजताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या कळा ओळीने धरायच्या. मुली साधारण काळी चारमध्ये गातात आणि मुलं काळी एकमध्ये. दोघांना आपापल्या पट्टीत गाऊ दिलं तर एकच चाल दोन सुरांत एकदम चालते आणि रागाचं भरीत होतं. मुलींच्या पट्टीत गायलं तर अंतऱ्यात मुलांच्या मानेच्या शिरा दिसतात. मुलांच्या पट्टीत गायलं तर मुलींना मुखडा खाली लागतच नाही. आम्ही बरेच दिवस भांडून पांढरी चार धरली. मुलींना नेहमीपेक्षा तीन पट्ट्या खाली, मुलांना चार पट्ट्या वर, दोघंही थोडे नाराज. मुखडा सगळ्यांनी गायचा, अंतरा मुलींनी उचलायचा आणि मुलांनी तेव्हा खाली नुसता पंचम (प) धरून बसायचं. मुलांना हे अपमानास्पद वाटतं. कार्यक्रमानंतर लोक येऊन 'तो खालचा सूर काय सुंदर होता' असं म्हणतात, मग वाटत नाही.

यूट्यूबवरच्या रेकॉर्डची पट्टी प्रमाण मानू नका, हेही इथेच सांगते. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा नाटकातले गायक थिएटरच्या शेवटच्या रांगेला पोचण्यासाठी उंच गायचे. आणि जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीवरून उतरवताना वेग जरा जरी कमी-जास्त झाला तर सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. आमची एक व्हायोलिनवाली अशा रेकॉर्डबरोबर महिनाभर सराव करून आली होती. बिचारी सगळीकडे अर्ध्या सुराने चढी.

हे सगळं मी नीट केलं होतं. माझी चूक पुढची.

कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. मला सगळं पांढरी एकपासून वाजवायची सवय. लहानपणी क्लासला तेच शिकवलं आणि मीही पुढे गेले नाही. पांढरी चार हवी असेल तर बटण पाच वेळा दाबायचं, पडद्यावर पाचाचा आकडा येतो. बोटं पांढरी एकवरच चालतात, आवाज मात्र पांढरी चारचा येतो. दुसरं पद काळी तीनमध्ये असेल तर आणखी एकदा दाबायचं. त्याच्याच शेजारी बारीक सूर जुळवायची सोय असते. पेटीचे सूर ठरलेले असतात, ते बदलायचे तर पत्त्या तासाव्या लागतात, तालमीत ते कोण करणार? म्हणून पेटी हलत नाही, बाकी सगळ्यांनी तिच्याकडे यायचं. आमची मागून आणलेली पेटी 440 हर्ट्झ या नेहमीच्या प्रमाण सुरापेक्षा जराशी चढी होती, म्हणून मी कीबोर्ड 442 वर नेला होता. सहा महिने हे दोन आकडे लावून वाजवलं. एकदाही चुकलं नाही, हाच घोटाळा.

ही पेटी पंचवटीतल्या एका काकांची. चाळीस वर्षं साथ केलेले, आता गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून वाजवतात. तालमीला आले, माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाले, "अगं पोरी, तुला एकाच घराचा पत्ता पाठ आहे. जायचं कुठेही असलं तरी तू घरच उचलून तिथे नेतेस." सगळे हसले, मीही हसले. पांढरी चारमध्ये पलटे (सरावाच्या सुरावटी) वाजव, रोज वीस मिनिटं, असंही त्यांनी सांगितलं. मी चार दिवस वाजवले. पांढरी चारच्या सप्तकात कोमल-शुद्धाची काळी-पांढरी वेगळी पडते, बोटं अडखळतात, आणि बटण तर हाताशीच होतं.

कार्यक्रम जानेवारीत, संध्याकाळी. नाट्यगृह कुठलं ते जाऊ द्या. 'शाकुंतल'च्या नांदीने सुरुवात होती. 'पंचतुंड नररुंडमालधर' म्हणजे 1880 पासून लोकांच्या कानात बसलेली चाल, चुकलं तर आजी-आजोबांनाही कळणार. पडदा उघडायच्या आधी लाइट गेली. दहा सेकंदांत जनरेटर लागला. मला आठवतंय, मी ओढणी सारखी केली, कीबोर्ड चालू केला, पडद्यावर पियानोचं चित्र आलं. आकडा बघितला नाही.

बंद होऊन चालू झाला की माझा कीबोर्ड दोन्ही आकडे विसरतो. ट्रान्सपोज शून्यावर, सूर 440 वर. बहुतेक साधे कीबोर्ड असेच वागतात. तुमचा वागतो का, हे आज घरी जाऊन वायर काढून बघा. खरंच, वाचणं थांबवून बघितलंत तरी चालेल.

सुरुवातीची सुरावट मी एकटीच वाजवणार होते. स्पीकरवर माझाच आवाज, भरघोस, आणि आत्मविश्वासाने पांढरी एकमध्ये. खरं तर तिथेच कुणालातरी खटकायला हवं होतं. का खटकलं नाही, ते समजून घ्या, कारण फसायला होतं ते इथे. पांढरी चारमध्ये गाताना आम्ही तबला षड्जात लावत नव्हतो. त्या षड्जात लावायचा तर एक तर अगदी टीपेचा, लहान तोंडाचा तबला लागतो किंवा फारच ढाला, म्हणजे खालच्या सुराचा, लागतो. म्हणून तो पंचमात लावलेला. पांढरी चारचा पंचम म्हणजे कोणती पट्टी? मोजा. पांढरी एक! म्हणजे तबला माझ्या चुकीच्या षड्जाशी तंतोतंत जुळला. फोनवरचा तानपुरा पंचम-षड्ज वाजवत होता, तोही चुकीच्या पट्टीत मध्यमावर लावल्यासारखा वाटला. चूक एकटी असती तर सापडली असती. दोन साक्षीदार तिच्या बाजूने उभे होते.

एकच वाद्य खरं बोलत होतं, ते म्हणजे पेटी. पेटीवर फर्स्ट इयरचा मुलगा. गाणाऱ्यांबरोबर त्याने पांढरी चारवर हात टाकला, भयंकर बेसूर ऐकू आलं, आणि आपणच चुकलो असं वाटून त्याने हात काढून घेतला. हे मला सगळ्यात जास्त लागतं. बरोबर असलेला एकच माणूस, आणि त्याने घाबरून हात काढला, कारण समोर ताई वाजवत होती.

गाणाऱ्यांचं काय झालं ते विचारू नका. अर्ध्या मुली सरावाच्या सुरात, अर्ध्या स्पीकरच्या सुरात. मुलं खूश, त्यांना पहिल्यांदाच खाली गायला मिळालं. पहिली ओळ कशीबशी संपली. मग क्लॅरिनेटवाला उठून माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "ताई, पट्टी गेली."

या मुलाच्या घरचा लग्नाचा बँड. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं म्हणून पहिल्या तालमीत आमच्यातल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली होती. पण बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर जे बोट 'पांढरी एक'चं, त्यातून आवाज काळी पाचचा येतो. आमच्या पांढरी चारसाठी त्याला स्वतःची पांढरी पाच धरावी लागते. लहानपणापासून तो हा हिशोब बोटांनी करत आलाय. त्यामुळे आमच्यात 'आपण नक्की कुठे आहोत' हे फक्त त्यालाच प्रत्येक क्षणी माहीत होतं. मला वाचता येत होतं आणि मला माहीत नव्हतं.

मी हात उचलले. तबला थांबला. सभागृहात एक खोकला ऐकू आला. क्लॅरिनेटवाल्याने पेटीवाल्याकडे नुसती मान हलवली, त्याने षड्ज दिला, आणि आम्ही पेटी-तबल्यावर नांदी पुन्हा पहिल्यापासून घेतली. कीबोर्डशिवाय. बरी झाली. खोटं कशाला बोलू, कीबोर्डसकट कधी झाली नव्हती इतकी बरी झाली. दुसऱ्या पदाआधी मी बटण पाच वेळा दाबलं आणि मग आकडा तीनदा वाचला.

काका शेवटच्या रांगेत खुर्चीवर होते. नंतर काही बोलले नाहीत, चहा पाजला.

तर, बटण वापरू नका. आकडे मेमरीत साठवता येतात, असं कुणीतरी सांगेल. येतात, आणि मग दिवे गेल्यावर ती मेमरी उघडायला तुम्ही विसराल. सहा पट्ट्या हाताने वाजवायला मला चार महिने लागले, रोज अर्धा तास, आणि पहिला महिना रडू येईल असा होता. तुम्हाला कमी लागेल, वय कमी आहे. माझ्या कीबोर्डवर त्या बटणावर आता खाकी चिकटपट्टी आहे. बारीक सुराची जुळवणी मात्र करावीच लागते, तिला इलाज नाही. म्हणून कीबोर्ड चालू केला की आधी पेटीचा षड्ज, मग माझा, दोन्ही एकत्र धरून ठेवायचे. सूर थरथरला की फरक आहे. हे पडद्यामागे करा, लोकांसमोर नको.

षड्ज एकच माणूस देईल आणि तो पेटीवाला असेल, मग तो फर्स्ट इयरचा का असेना. गोंधळ झाला की बाकी सगळ्यांनी हात काढायचे, त्याने नाही. त्या मुलाला आम्ही हे चक्क लिहून दिलंय.

मार्गदर्शक कोण असावा यावर माझं मत लोकांना आवडत नाही. मोठ्या गायकाला बोलावलंत तर दोन तास आठवणी, अर्धा तास फोटो आणि 'होईल, होईल, रियाज करा'. कान तृप्त होतात हे खरं. पण वृंदाला साथीदार माणूस लागतो. तोऱ्यात गाणाऱ्यांबरोबर वाजवून ज्याची हयात गेली, त्याला चूक कुठून येते ते आधी कळतं. दिवाळी पाडव्याच्या पहाटेच्या मैफलीला नाशिकच्या पिंपळपारावर गेलात तर गायकाकडे कमी बघा, पेटीवाल्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघा.

कराओके ट्रॅकवर बसवू नका, ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. व्हायोलिनवाल्यांना पाच रेघांचं नोटेशन हवं असतं आणि गाणाऱ्यांना भातखंड्यांचं, म्हणजे सा-रे-ग अक्षरांतलं. दोन्ही एकाच वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहा, नाहीतर तालमीत 'चौथी ओळ' म्हणजे कुणाची चौथी यावर अर्धा तास जातो. तबला पावसाळ्यात उतरतो, जानेवारीच्या कोरड्या थंडीत चढतो, हातोडी विसरू नका. कधी सकाळी सातला तालीम ठेवली तर नाशिकच्या थंडीत पहिली पंधरा मिनिटं कुणाचाच गळा लागत नाही. आपला आवाजच गेला असं वाटून फर्स्ट इयरच्या मुली घरी निघून जातात. जाऊ नका, चहा येईपर्यंत थांबा.

तालमी रविवारपासून, संध्याकाळी पाच. नोटेशनचे स्टँड आमच्याकडे सातच आहेत आणि त्यातल्या एकाचा पाय मोडलाय, जमलं तर स्वतःचं आणा.