काकांची छाती, घाम आणि एक बिघडलेला आलेख

मे महिन्यातल्या मालवणात छातीला इलेक्ट्रोड, म्हणजे शरीरातली वीज टिपणारी पट्टी, चिकटवून बघा. काकांना पडवीत बसवून मी पहिला ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, घेतला, तर दहा मिनिटांत कडा सुटल्या आणि स्क्रीनवरची रेघ होडीसारखी डुलायला लागली. पट्टी ओढून काढली तेव्हा काका कळवळले, "काय रे, हृदय बघतंस की केस उपटतंस?"

कातडीवर नीट बसणारे लवचीक इलेक्ट्रोड बनवायचे तर इलेक्ट्रॉनिक्सची मुलं सर्किटपासून सुरुवात करतात. मीही तेच केलं, आणि सहा महिने वाया घालवले. आधी कातडी समजून घ्या. वरचा मृत थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटरचा, पण वीज अडवणारा तोच. हृदयाचा संकेत छातीवर साधारण 1 मिलिव्होल्ट मिळतो, मेंदूचा तर डोक्यावर साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टच. त्यामुळे त्वचेवरची पकड जरा ढिली झाली की सगळं गेलं. जेल हा थर ओला करून वाट मोकळी करतं. ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइंटहोव्हेन यांच्या काळात माणसं हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची, तेही याचसाठी. मग खारट घाम चांगलाच की! पण तो दोन इलेक्ट्रोडमध्ये पसरला की दोघांना जोडून टाकतो, शिवाय गोंद सोडवतो.

लवचीक इलेक्ट्रोडची गोम जाडीत आहे. पापुद्र्याची जाडी निम्मी केली की त्याचा ताठपणा एक अष्टमांश होतो, मग तो कातडीच्या सुरकुत्यांत बसतो. 2011 साली जॉन रॉजर्स यांच्या गटाने गोंदणासारखं चिकटणारं सर्किट दाखवलं, त्यात धातूच्या तारा नागमोडी होत्या. का, ते मला आंबोली घाट चढताना कळलं: वळणं असली की रस्ता ताणायला जागा उरते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडची जुनी फ्रेम मागून मी चांदीच्या शाईने दोन्ही प्रकार छापले. सरळ रेघ ताणली की मल्टिमीटर 'ओपन', म्हणजे वाट तुटली, असं दाखवायचा. नागमोडी टिकली.

नव्याने येणाऱ्याने आधी तयार सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड आणि एडी8232 या ईसीजीचा संकेत मोठा करणाऱ्या चिपचं बोर्ड घेऊन स्वच्छ रेघ मिळवावी, मगच स्वतःचं काही छापावं. सर्किट बॅटरीवर चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. सुरक्षेसाठी तर हवंच, आणि घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुणही कमी होते. माझा काकांवरचा उद्योग घरगुती होता. संशोधनासाठी माणसं घ्यायची तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यात वेळ जातो, आधीच धरून चला. पुढे शिकायचं तर एम.टेक.च्या गेट परीक्षेत 2020 पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पापुद्रे ज्याचे बनतात त्या पॉलिमरची केमिस्ट्री मात्र टाळू नका. मी टाळली, आणि नंतर रात्री जागून शिकलो.

मुलाखतीला मी दोन आलेख नेले होते, एक स्वच्छ आणि एक काकांचा. स्वच्छ आलेख मुलाखत घेणाऱ्यांनी बाजूला ठेवला. उरलेली वीस मिनिटं त्या डुलणाऱ्या रेघेवरच गेली.