पिठ्या ढेकणाची जात ओळखताना: स्लाइड आधी, नाव नंतर

पानावर पांढरं, कापसासारखं काही दिसलं की लगेच ‘मिलीबग’, म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण जात ठरवायचं काम तिथून पुढे सुरू होतं. आधी कुल (कीटकांचा मोठा गट) पाहा. टणक खवल्याच्या किडीचं कवच सुईने उचललं की खालचं मऊ, बिनपायांचं शरीर वेगळं होतं. मऊ खवल्याच्या किडीचं कवच म्हणजे तिची पाठच असते, ते सुटत नाही. पिठ्या ढेकूण मेणाच्या भुकटीने माखलेला असतो, त्याला पाय असतात आणि तो चालतो.

शेतात दिसणाऱ्या खुणा संशयापुरत्या वापरा. कपाशीवरच्या फिनाकॉकस सोलेनॉप्सिसच्या पाठीवर गडद ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. फेरिसिया व्हर्गाटाच्या पाठीवर दोन गडद पट्टे, काचेसारखे तंतू आणि मागे दोन लांब शेपट्या असतात. पपईवरचा पॅराकॉकस मार्जिनेटस जिवंतपणी पिवळसर असतो, मात्र अल्कोहोलमध्ये टाकल्यावर निळसर-काळा पडतो. खूण चांगली आहे, पण तेवढ्यावर नाव लिहू नका.

नमुना घेताना किडे खरवडू नका, सोंड तुटते. फांदीचा तुकडाच कापून घ्या. स्लाइडसाठी नुकत्याच प्रौढ झालेल्या, अंडी न घातलेल्या माद्या निवडा. पिल्लांवर बहुतेक किल्ल्या (जात ओळखण्याचे खुणांचे तक्ते) चालत नाहीत. 80 टक्के अल्कोहोलच्या कुपीतच पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: यजमान वनस्पती, झाडाचा भाग, गाव, तालुका, तारीख, संकलकाचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि नमुना निनावी होतो.

आता स्लाइड. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. मादीच्या कडेला, मधल्या आणि मागच्या पायांच्या दरम्यान, बारीक सुईने छोटी चीर द्या. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. मंद उष्णतेवर काम लवकर होतं, पण द्रावण उकळू देऊ नका, त्वचा फाटते. मग चपट्या सुईने हलके दाबत आतला गाळ चिरेतून बाहेर काढा. चरबी उरली तर ओळखीसाठी पाहायची त्वचेवरची सूक्ष्म छिद्रं झाकली जातात. ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा धुवा आणि आम्ल फुक्सिनने रंगवा. नंतर 75, 95 आणि 100 टक्के अल्कोहोलमधून प्रत्येकी दहाएक मिनिटं काढा, लवंग तेलात वीस मिनिटं ठेवा. स्लाइडवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेचा छोटा थेंब, त्यात पाठ वर करून किडा, पाय पसरलेले, वर कव्हरस्लिप. बाल्सम दुधाळ झाला तर आत पाणी राहिलंय: नमुना काढून परत 100 टक्के अल्कोहोलमध्ये न्या. तयार स्लाइड 40 अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवडे वाळू द्या.

पाहताना क्रम ठेवा. आधी कडेचे सेरारी, म्हणजे शंकूसारख्या काट्यांचे आणि छिद्रांचे गट, मोजा. फेरिसियात गुदखंडांवर (शरीराच्या मागच्या टोकावर) एकच जोडी असते, फिनाकॉकस सोलेनॉप्सिसमध्ये 18. मग शृंगिकांचे खंड: सोलेनॉप्सिसमध्ये बहुधा 9, पॅराकॉकस मार्जिनेटसमध्ये 8. नखीच्या आतल्या बाजूला दात आहे का, ते 400 पटींवर बघा. फिनाकॉकसला असतो, प्लॅनोकॉकसला नसतो. छिद्रांसाठी तेलाचं 100 पटींचं ऑब्जेक्टिव्ह वापरा. सोलेनॉप्सिसमध्ये पाच कप्प्यांची छिद्रं नसतात. मार्जिनेटसमध्ये पाठीवरच्या कडा असलेल्या नलिका (त्वचेतल्या सूक्ष्म नळ्या) फक्त शरीराच्या काठाजवळ असतात आणि मागच्या पोटरीवर पारदर्शक छिद्रं नसतात. जात ठरते ती इथेच.

सर्वात जास्त गोंधळ सोलेनॉप्सिस आणि फिनाकॉकस सोलानी यांच्यात होतो. एका मादीवर विसंबू नका, एकाच वसाहतीतल्या पाच-सहा माद्यांच्या स्लाइड करा. पोटाखालच्या अनेक कप्प्यांच्या छिद्रांची मांडणी ताडून पाहा, कारण एकाच जातीतही संख्या कमीजास्त होते.

एवढा खटाटोप का? मार्जिनेटस 2008 मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि 2010 मध्ये त्यासाठी अ‍ॅसेरोफॅगस पपायी हा परोपजीवी कीटक प्वेर्तो रिकोहून आणला गेला. तो सोलेनॉप्सिसवर सोडून उपयोग नाही. नाव चुकलं की मित्रकीटकही चुकतो आणि शेतकऱ्याचा हंगाम जातो.

खुणा जुळत नसतील तर लेबलवर फक्त प्रजातीचं नाव (नावातला पहिला शब्द, जसं फिनाकॉकस) लिहा, कोणती खूण अडली तेही वहीत नोंदवा आणि स्लाइड जपून ठेवा. तज्ज्ञाकडे पाठवताना स्लाइडसोबत त्याच वसाहतीतले अल्कोहोलमधले आणखी दहाएक नमुने द्या.